खडशीचं नाव

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या व्याख्यानमालेसाठी मला विषय शोधावा लागला नाही. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या आमच्या सरांनी आम्हाला जन्मभर एकच प्रश्न विचारला. मासा हातात घ्यायचे, आमच्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, ‘हा कोण?’ आम्ही पुस्तकातलं नाव सांगितलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : ‘कशावरून?’ आज त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. कारण माझ्या पिढीत त्याचं उत्तर बदललं. परांचे काटे, खवल्यांच्या रांगा, मिशांची संख्या यांच्या जोडीला रेणू आला.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी सर आम्हाला पहाटे मासळीबाजारात घेऊन गेले होते. भोई समाजाच्या एक मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या पाटीत दोन मोठे, जाड खवल्यांचे मासे होते. मला दोन्ही सारखेच वाटले. मावशींनी न बघता एकावर बोट ठेवलं, ‘ही खडशी,’ आणि दुसऱ्यावर, ‘हा कोळस.’ सरांनी विचारलं, ‘कशावरून, मावशी?’ त्यांनी खडशीचा जाड ओठ अंगठ्यानं खाली ओढून दाखवला आणि म्हणाल्या, ‘हिला चार मिशा. त्याला दोनच.’ वर्गात तासभर खर्च करून जे शिकवलं असतं, ते पाटीवर मिनिटात झालं. घरी येऊन पुस्तक उघडलं तर तेच लिहिलेलं होतं.

ते पुस्तकात आलं कसं, हीही आपल्याच नद्यांची गोष्ट आहे. 1824 साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं कर्नल विल्यम हेन्री सायक्स या अधिकाऱ्याला मुंबई इलाख्याची सांख्यिकी माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. पिकं, लोकसंख्या, पाऊस यांच्याबरोबर त्यानं दख्खनचे पक्षी आणि मासेही नोंदवले. त्याचं माशांवरचं लिखाण 1839 साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनं छापलं. त्यातली नावं वाचताना मला आजही गहिवरून येतं, कारण ती लॅटिनच्या अंगरख्यातली मराठी नावं आहेत. कोलस म्हणजे आपला कोळस. गोग्रा म्हणजे घोगऱ्या. शिंगटीत शिंगटा आहे. ज्या माशाचं नाक खाच पडल्यासारखं दिसतं त्याला त्यानं नुक्ता म्हटलं; त्यात मला ‘नकटा’ ऐकू येतो. आणि पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून मिळालेल्या मोठ्या महासीराला, म्हणजे जाड खवल्यांच्या नदीमाशाला, त्यानं नाव दिलं खुद्री. कृष्णा-भीमेच्या काठी लोक आजही खडशी, खडस म्हणतात. आज साऱ्या जगातल्या शास्त्रीय ग्रंथांत हा मासा टॉर खुद्री आहे. नदीवरच्या कुणा अनाम मासेमाराच्या तोंडचा शब्द त्यात शिल्लक राहिला.

पण सायक्सच्या कामात एक उणीव राहिली आणि ती पुढे महागात पडली. त्याची वर्णनं त्रोटक होती. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या एका माशाला त्यानं मुसुल्ला असं नाव दिलं. मासा मोठा आणि जाड खवल्यांचा. शंभर वर्षांनी, 1943 साली, सुंदरलाल होरा यांच्यासमोर दक्षिणेतल्या महासीरांची गुंतागुंत आली. होरा हे भारतीय मत्स्यशास्त्रातलं फार मोठं नाव. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे ते पुढे संचालक झाले. कावेरीतल्या पाठीवर कुबड असलेल्या महासीराला शास्त्रीय नाव हवं होतं. होरांनी त्याला सायक्सचं मुसुल्ला हे नाव जोडलं. पुढे कित्येक दशकं तो मासा त्याच नावानं ओळखला गेला. सायक्सचं वर्णन आणि चित्र यांची बारकाईनं फेरतपासणी गेल्या दशकात झाली, तेव्हा लक्षात आलं की घोड नदीचा मुसुल्ला महासीर नाहीच. तो कोळसाच्या गोतातला. म्हणजे कावेरीचा कुबडवाला महासीर, जगभरातल्या गळकऱ्यांनी ज्याच्यासाठी समुद्र ओलांडले तो मासा, एका रात्रीत बिननावाचा झाला.

या माशाचा थोडा परिचय करून देतो, कारण तो हरवण्याची कथा सांगायची आहे. 1873 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकापासून इंग्रज गळकरी त्याच्याबद्दल लिहीत आले. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं काबिनी नदीत 120 पौंडांचा महासीर पकडला. म्हणजे सुमारे 54 किलो. आपल्यातल्या काही जणांच्या वजनाइतका. असा मासा जगात दुसरीकडे कुठेही नाही, फक्त कावेरीच्या खोऱ्यात आहे. आणि 2015 साली संशोधक त्याच्याबद्दल लिहू लागले तेव्हा त्यांना त्याला नुसतं ‘टॉर, जात अनिश्चित’ असं म्हणावं लागत होतं.

नाव नसण्याचा परिणाम काय होतो, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी असते, धोक्यातल्या जातींची. त्या यादीत मूल्यमापन होतं ते शास्त्रीय नाव असलेल्या जातीचं. नाव नाही तर यादीत जागा नाही, आणि यादीत जागा नाही तर संवर्धनाच्या कागदांवर तो मासा जवळजवळ नसल्यासारखाच. नदीत मात्र तो मरत होता.

कशानं मरत होता? धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, ही कारणं सगळ्या नद्यांना लागू आहेत. पण एक कारण आपल्या घरचं आहे आणि ते बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. महासीर कमी होत चालले म्हणून 1970च्या दशकापासून लोणावळ्याच्या वळवण तलावाशी असलेल्या केंद्रात त्यांची कृत्रिम पैदास सुरू झाली. हेतू उत्तम होता, त्यात कष्टही फार होते. महासीराची अंडी फलित करून पिल्लं वाढवणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पिल्लं होती आपल्या खडशीची, मुळा-मुठेच्या टॉर खुद्रीची. ती देशभर वाटली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. त्यांचे पर निळसर असतात, म्हणून गळकरी त्यांना निळ्या पराचा महासीर म्हणतात. कावेरीवरच्या गालिबोरे या शिबिरात पकडून परत सोडलेल्या माशांच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. सहा हजारांवर महासीर त्यात नोंदलेले होते. निळ्या पराचे वाढत गेले आणि कुबडवाले जवळजवळ दिसेनासे झाले.

‘महासीर कमी झाला, महासीर सोडा,’ असा सगळ्यांचा सरळ विचार होता. महासीर हे एकच नाव आहे, या समजुतीतून ही चूक झाली. खडशी आणि कुबडवाला दोघंही महासीर, पण एकाला वाचवताना दुसऱ्याच्या घरात पाहुणा घुसवला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघांत सूक्ष्म फरक पाहणारा डोळा कमी पडला.

इथे रेणूचं काम सुरू होतं. ते कसं, हे सांगतो; प्रयोगशाळेतल्या मंडळींनी पुढची दोन मिनिटं मला सांभाळून घ्यावं.

पराचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि अल्कोहोलच्या छोट्या नळीत टाकायचा. मासा परत पाण्यात जातो, पर वाढून येतो. त्या तुकड्यातल्या प्रत्येक पेशीत माशाची डीएनए-पोथी असते. पण ती सगळी वाचणं जातीच्या ओळखीसाठी गरजेचं नाही. पेशीतल्या तंतुकणिकांची एक वेगळी छोटी पोथी असते. माशांत ती साडेसोळा हजार अक्षरांच्या आसपास असते. त्यात सीओआय नावाचं एक जनुक आहे आणि त्यातली साधारण साडेसहाशे अक्षरं वाचली की बहुतेक माशांची जात ओळखता येते. 2003 साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात पॉल हेबर्ट यांनी हे प्राणिजगतासाठी सुचवलं आणि त्याला डीएनए बारकोड हे नाव रूढ झालं. किराणा दुकानातल्या पट्ट्यांसारखं, म्हणून.

हाच तुकडा का? पेशीत तंतुकणिका पुष्कळ असतात, म्हणून थोड्याशा मांसातही हा तुकडा मिळतो. आणि त्याच्या बदलण्याचा वेग मधला आहे. फार मंद असता तर जवळच्या दोन जातींत फरक दिसला नसता. फार जलद असता तर एकाच जातीतले भाऊबंदही परके दिसले असते. 2005 साली ऑस्ट्रेलियाच्या 207 जातींच्या माशांवर हे तपासलं गेलं. एका जातीतल्या दोन माशांत सरासरी फरक होता 0.39 टक्के. एकाच गोतातल्या दोन वेगळ्या जातींत सरासरी 9.93 टक्के. या दोन आकड्यांमधली दरी पाहून अनेकांना वाटलं, आता मत्स्यवर्गीकरणाचा प्रश्न सुटला.

सर तेव्हा हयात होते. मी मोठ्या उत्साहानं त्यांना हे सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सरासरी मला नको. टोकाचे मासे दाखव.’ टोकाचे मासे म्हणजे जवळच्या दोन जातींत सगळ्यात कमी फरक असलेले, आणि एकाच जातीत सगळ्यात जास्त फरक असलेले. तिथे दरी नसते, तिथे खोरी एकमेकांत मिसळतात. दोन टक्क्यांची मर्यादा अनेक जण वापरतात. ती सोय आहे, नियम नाही.

शिवाय तंतुकणिकांचं डीएनए फक्त आईकडून येतं. बाप कोण, याची त्यात कसलीच खूण नसते. रोहू आणि कटला एकाच हौदात फलित झाले, आणि मत्स्यबीज केंद्रांत असं घडतं, तर संकरित पिल्लू आईच्या जातीचंच म्हणून बारकोडात नोंदलं जातं. संकर ओळखायचा तर केंद्रकातल्या खुणा वाचाव्या लागतात; पूर्वी त्यासाठी सूक्ष्म-उपग्रह नावाच्या, एकच छोटा तुकडा पुनःपुन्हा आलेल्या जागा वापरायचे. महासीरांत त्यातही गुंता. बहुतेक कार्पवर्गीय माशांत 50 गुणसूत्रं असतात, टॉरमध्ये 100. फार पूर्वी कधीतरी त्यांचा सगळा जनुकसंच दुप्पट झाला. त्यामुळे एका जागेवर दोनऐवजी चार अक्षरवळणं दिसू शकतात आणि नेहमीची गणितं लागू पडत नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीनं या गुंत्यात दीड वर्ष घालवलं. ती इथे बसली आहे आणि मान डोलावते आहे.

आता मुख्य मुद्दा. रेणू दोन मासे वेगळे आहेत हे सांगतो. त्यांची नावं काय, हे तो सांगत नाही. नाव कुठल्या तरी ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं, आणि तो नमुना कुठल्या तरी ठरावीक नदीतला असतो. जगभरातल्या डीएनए संग्रहांत पुण्याचं नाव लागलेले कित्येक अनुक्रम आहेत, पण जमा करणाऱ्यानं मासा चुकीचा ओळखला असेल, तर तो चुकीचा शिक्का संग्रहात तसाच राहतो, आणि पुढचा माणूस त्या शिक्क्याशी आपला मासा जुळवून त्याला तेच नाव देतो. पूर्वी एका पुस्तकातली चूक दुसऱ्या पुस्तकात जायला वीस वर्षं लागत. आता एका रात्रीत जाते.

कावेरीच्या कुबडवाल्याचा प्रश्न सुटला तो म्हणूनच निव्वळ प्रयोगशाळेत नाही. संशोधकांना आधी मासा शोधावा लागला. मुख्य कावेरीत तो मिळेना. तामिळनाडूतल्या मोयार नदीत मिळाला. त्याच्या तोंडाची, ओठांची, परांची मापं घेतली आणि त्याच्या जनुकीय खुणा वाचल्या. त्या जुळल्या एका वेगळ्याच माशाशी. केरळात, कावेरीलाच मिळणाऱ्या अमरावतीची उपनदी पांबार. तिथल्या लहान आकाराच्या माशांवरून काही वर्षं आधी टॉर रेमादेवी अशी एक जात वर्णिली गेली होती, भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या के. रेमा देवी यांच्या गौरवार्थ. लहान माशांना कुबड दिसत नव्हतं, म्हणून दोघांचा संबंध कुणाच्या डोक्यात आला नव्हता. 2018 साली मापं आणि रेणू एकत्र ठेवून जाहीर झालं : कुबडवाला महासीर म्हणजे टॉर रेमादेवी. त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद झाली, अतिशय संकटग्रस्त या शेवटून तिसऱ्या पायरीवर. आणि त्याच वर्षी आपली खडशी, टॉर खुद्री, संकटग्रस्त यादीतून किमान चिंतेच्या वर्गात आली. कावेरीच्या माशाला नाव मिळालं, आपल्या माशाची काळजी कमी झाली. पण दुसऱ्या निर्णयाचा अर्थ इथे बसलेल्या कुणी, मुळा-मुठेचं आजचं पाणी रोज पाहणाऱ्यानं, सगळं ठीक आहे असा लावू नये. जातीचा सरासरी हिशोब आणि एका नदीचा हिशोब वेगळे असतात.

ज्या नदीत सायक्सला खुद्री मिळाली त्या नदीचे मासे जनुकीय तुलनेत फार महत्त्वाचे. त्यांच्याशी जोडल्याशिवाय ‘ही खरी खुद्री’ म्हणायला आधार राहत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत वरदायिनीच्या श्रद्धेनं गावकऱ्यांनी महासीर सांभाळले आहेत. ते पाणी पश्चिमेला सावित्रीत जातं, मुळा-मुठेचं पूर्वेला भीमेत. मधे सह्याद्रीची भिंत. त्या डोहातल्या माशाच्या पराचा तुकडा मुळा-मुठेच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहावा, असं मला फार वाटतं. जवळचे निघाले तरी आनंद, दूरचे निघाले तरी आनंद. देवीचा मासा म्हणून कुणी त्याला हात लावत नाही, हे मात्र रेणूनं केलेलं काम नाही, त्या गावांनी केलेलं आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या ओढ्यांत वेगळ्या प्रकारची कहाणी चालू आहे. दगडाखाली राहणारे बोटभर मासे, ज्यांना बाजारात किंमत नाही. त्यातल्या एका गोताला आपण वर्षानुवर्षं एकच जात समजत होतो. 2021 साली मापं आणि जनुकीय खुणा एकत्र पाहून त्यातून दोन नव्या जाती वेगळ्या केल्या गेल्या, एक गोदावरीच्या उपनद्यांतली, एक हिरण्यकेशीची. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथल्या मंदिराच्या कुंडातून 2020 साली शिस्टुरा हिरण्यकेशी ही जात वर्णिली गेली आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. ती जागा किती मोठी? सगळं मिळून 2.11 हेक्टर. जातीचं नाव नीट लागलं म्हणून दोन हेक्टरभर जागेला कायद्याचं कवच मिळालं, हे उदाहरण मी दर वर्षी पहिल्या तासाला देतो.

नाव चुकण्याचं आणखी एक उदाहरण थोडक्यात, मागूर या माशाचं. आपल्या देशी मागूराला शंभरावर वर्षं आपण क्लॅरियस बॅट्राकस म्हणत होतो. ते नाव खरं जावा बेटावरच्या माशाचं निघालं आणि आपला झाला क्लॅरियस मागूर. बंगालीतला, नदीकाठचा शब्द परत आला. शिवाय बंदी असलेला आफ्रिकी मागूर चोरून वाढवला जातो आणि कातडी काढून तुकडे विकले जातात. कातडी गेली की पारखी डोळासुद्धा फसतो. तिथे मात्र बारकोड एकट्यानं पुरतो.

माझं म्हणणं इतकंच आहे की कुठल्याही नदीत मत्स्यबीज सोडण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात : नदीत आधीपासून कोण आहे, आणि पिशवीत कोण आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोसारख्या संस्था आहेत, तंत्र आहे, पूर्वीपेक्षा किती तरी स्वस्त आहे. पण बहुतेक तलाव आणि धरणांत बीज सोडताना जात तपासली जात नाही. गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला, मृगळ आपण दख्खनच्या धरणांत इतके सोडले की विद्यार्थी त्यांनाच देशी मासे म्हणतात. देशी खरंच, पण गंगेचे. भीमेचा देशी मासा कोण, हे विचारलं तर वर्ग गप्प होतो.

सरांनी निवृत्त होताना विभागाला जपून ठेवलेल्या माशांच्या चारेकशे बाटल्या दिल्या. आमच्यापैकी काहींना वाटलं, यातून जुन्या नद्यांचे जनुकीय नमुने मिळतील. मिळाले नाहीत. सरांच्या काळात मासे फॉर्मलिनमध्ये ठेवत, आणि फॉर्मलिन डीएनएचे तुकडे करतं, त्याला प्रथिनांशी जखडून टाकतं. नेहमीच्या बारकोड पद्धतीनं त्यातून अक्षरं वाचता येईनात. विद्यार्थी निराश झाले. मग मी बाटल्यांमधल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. पेन्सिलीनं लिहिलेल्या, कारण शाई विरघळते. प्रत्येकीवर चार ओळी : नदी आणि जागा, तारीख, कुणाच्या जाळ्यातून मिळाला, आणि त्या माणसानं सांगितलेलं नाव. शास्त्रीय नाव सर मागच्या बाजूला, प्रश्नचिन्हासह लिहीत.

गेली दोन वर्षं आम्ही त्या चिठ्ठ्या घेऊन त्याच जागांवर जातो. काही डोह आता धरणाच्या पाण्याखाली आहेत. काही ठिकाणी चिठ्ठीवरच्या माणसांची नातवंडं भेटली. दोघांनी आजोबांनी सांगितलेलंच नाव सांगितलं. जिथे मासा मिळतो तिथे पराचा तुकडा घेऊन अल्कोहोलमध्ये ठेवतो आणि नळीवर सरांच्याच पद्धतीनं चार ओळी लिहितो. मागच्या बाजूला शास्त्रीय नाव आणि प्रश्नचिन्ह. मागच्या महिन्यात भीमेच्या एका डोहावर म्हातारे भोईकाका आमची नळी हातात घेऊन बघत होते. मी पेन्सिल काढली तसे म्हणाले, ‘लिहा, खडशी. ह्या कोंडीतली.’ मी तसंच लिहिलं.